बेचाळीस व्हॉल्व्ह आणि एक सोमवार

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी कपातला चहा संपवा. हा किस्सा ऐकताना आमच्या मेव्हण्याला असा ठसका लागला होता की पाठीत धपाटे घालावे लागले.

मी नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचे संगणक सांभाळतो. सासुरवाडी देवळाली प्रवरेजवळ. तिथं गेलं की जावयाला काम नसतं, आणि रिकामा जावई म्हणजे घराला घोर!

तिथल्या शेतकऱ्यांची पाण्याची सोसायटी आहे. एक मोटर, बेचाळीस शेतं, आणि प्रत्येक शेताला आपोआप उघडणारा एक व्हॉल्व्ह. रोज सहा शेतांची पाळी. दर महिन्याला प्रत्येकाची पाळी एक दिवस पुढं सरकते, म्हणजे बाजाराच्या दिवशी रानात अडकायची वेळ कायम एकावरच येत नाही. पंपघरातल्या संगणकात प्रत्येक व्हॉल्व्हची एक फाईल, तिच्यात पाळीचा वार. पाणी सोडणारे रावसाहेब नाना महिन्यातून एका रविवारी मोटर बंद ठेवून, एका बोटानं, बेचाळीस फाईली बदलायचे. दोन तास लागायचे.

मी ते पाहिलं आणि मला राहवेना. म्हटलं, नाना, उठा. दोन मिनिटांचं काम आहे.

आमच्या धंद्यात एक आज्ञा असते. फाईल न उघडता आतला शब्द बदलून टाकते, आणि एका दमात हव्या तितक्या फाईलींत. मी सात ओळी लिहिल्या. पहिली ओळ, जिथं सोमवार तिथं मंगळवार कर. दुसरी, जिथं मंगळवार तिथं बुधवार. असं करत शेवटची, जिथं रविवार तिथं सोमवार. बटण दाबलं आणि मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, फाईल उघडून पाहिली. रविवारचा सोमवार झालेला. बरोबर! मग बाकीच्या एक्केचाळीस कशाला पाहायच्या? आणि जुन्या फाईलींची प्रत? ती भित्र्या लोकांनी ठेवावी.

नानांनी विचारलं, एवढ्यात झालं? मी नुसता हसलो. ते हसू आठवलं की आजही कान गरम होतात.

आता मामांनी चारच दिवसांपूर्वी पाच गुंठे कांदा लावला होता. लागणीनंतरचं आंबवणीचं पाणी सोमवारी मिळालंच पाहिजे, नाहीतर रोपं माना टाकणार. मामा निर्धास्त होते. घरचा जावई संगणकावर बसलेला, मग काळजी कसली?

सोमवारी सकाळी सहाला मोटर सुरू झाली आणि व्हॉल्व्ह उघडले. किती? बेचाळीसच्या बेचाळीस!

आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर हात जोडल्याची चित्रं आली. न मागता पाणी आलं म्हणून लोक खूश. पंधरा मिनिटांत सगळ्यांची धार करंगळीएवढी झाली आणि त्याच गटावर माझ्या नावानं शिमगा सुरू झाला.

मी पंपघराकडे पळालो. फाईली उघडत गेलो. सोमवार, सोमवार, सोमवार. कुणाचा मूळ वार कोणता, ह्याचा मागमूस नाही. मी घामाघूम. नाना मात्र शांतपणे तंबाखू मळत बसले होते.

"पाव्हणं, दावनीला सात जनावरं हायती," ते म्हणाले. "समद्यांना एकेक खुंटा म्होरं सरकवायचं. आधी कुनाला सोडायचं?"

"शेवटच्याला. सोडून बाजूला धरायचं."

"मंग तुमी पयल्याला का सोडलं?"

बघा आता! पहिल्या ओळीनं सोमवारचा मंगळवार केला. दुसरीनं त्याच मंगळवारचा बुधवार केला, तिसरीनं गुरुवार. सगळी जनावरं आठवडाभर हिंडून एकाच खुंट्यावर गोळा झालेली. बारा वर्षं ह्या धंद्यात आहे मी, आणि हे मला दावणीवर समजलं.

नानांना बेचाळीसही शेतांचे वार तोंडपाठ होते. ते सांगत गेले, मी एकेक फाईल हातानं बदलत गेलो. पण तोवर शेतीच्या विजेची वेळ संपली. सोमवारच्या सहा जणांचं पाणी बुडालं. त्यांच्यासाठी मंगळवारी जास्तीचे दोन तास काढायचं ठरलं, पण त्यात पाचच शेतं बसत होती. सहावं कुणाचं मागं ठेवायचं, यावर पंपघरात जमलेल्यांत कुजबुज सुरू झाली.

मामा उठले. "माझं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "जावई माझा हाय."

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. खरंच सांगतो, मला मान वर करवेना.

मंगळवारचीही मी कारखान्यात रजा टाकली. घरामागच्या हौदातून झारी भरायची, रानात न्यायची, रोपांवर धरायची, परत यायचं. पाच गुंठे म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. दुपारपर्यंत कंबर धरली. कांदा मात्र वाचला.

तिसऱ्या प्रहरी बायको बांधावर चहा घेऊन आली. माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "नानांनी विचारलंय, दोन मिनिटांचं काम संपलं का?"