चिमूटभर तंबाखू आणि लग्नसराईचा रंग

नव्वदच्या दशकात पांडेसऱ्यातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये कॉम्प्युटर आला, तेव्हा आमच्या गुजराती सेठनं त्याला जावयासारखं वागवलं. काचेची केबिन, एसी, दाराशी चपला काढायच्या. पुढच्या सीझनला साड्यांना कुठला रंग द्यायचा, हे गुपित त्या पेटीत. पासवर्ड फक्त दोघांना ठाऊक, सेठना आणि रंगमास्तर आबांना. मी समोरच बसणारा क्लार्क, पण पेटीकडे टक लावून बघायचीही मला सोय नव्हती.

आबा धुळ्याकडचे. ते पांडेसऱ्यात शिंकले, की पार लांब कडोदऱ्याचे माग थांबायचे.

एवढं करूनही आमचा माल बाजारात पोहोचायच्या आत समोरच्या मिलचा तोच रंग तिथे हजर! दोनदा झालं. सेठ आबांना म्हणाले, "मास्तर, पासवर्ड हूं जाणूं ने तमे जाणो. में कोईने कीधुं नथी." मी कुणाला सांगितलं नाही, म्हणजे फोडणारे तुम्हीच, हा त्याचा अर्थ. लग्नसराईचा रंग फुटला तर आबांनी गाव गाठायचं, असंही सुनावलं.

आबा आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले, "चोर मीच दाखवतो."

पाळी सुटताना मला घेऊन ते गेटबाहेरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बसले. तिथे कडक इस्त्रीचा एक पाहुणा आमच्या प्रत्येक कामगाराला अडवत होता, "भाऊ, चिमूटभर द्या ना!" आम्हा खानदेशी माणसांत तंबाखूला नाही म्हणणं म्हणजे तहानलेल्याला पाणी नाकारणं. जो तो चुना लावून मळायचा आणि तळहात पुढे करायचा. त्या तळहातावर दिवसभर घोळलेला रंग! साबणाची वखार ओतली तरी न निघणारा.

"दख भो," पाहुण्याच्या फुगलेल्या खिशाकडे बोट करत आबा कुजबुजले, "याना खिसा भरना, पन तोंड कोरडंच!"

मी बाह्या सरसावल्या.

"मारू नको रे. पोटभर खाऊ दे त्याले."

कुलूप पेटीला होतं, आणि गुपित शेकडो हातांवर बसून रोज गेटबाहेर चालत जात होतं. हे ओळखणाऱ्या माणसाला मी तेव्हाच मनातल्या मनात साष्टांग घातला.

लग्नसराईचा रंग ठरला जांभळा. पाळी सुटताना आबा मागच्या दाराशी, जांभळं झाकणाऱ्या दाट पोपटी रंगाचा टब घेऊन उभे. "बुडवा हात!"

"आबा, बायको घरात घेणार नाही!"

"मग माझ्याकडे जेवायला ये, पण बुडव!"

त्या आठवड्यात लारीवर तंबाखूचा नुसता अन्नकोट झाला. समोरच्या मिलनं सगळा माल पोपटी रंगवला. इतका, की त्यांच्या गोदामावर पोपट वस्तीला आले. आणि नवागामात, आम्हा खानदेशींच्या वस्तीत, आमच्या जांभळ्याशिवाय नवरी मांडवात पाऊल टाकेना.

मग सेठ जन्मात पहिल्यांदा लारीवर आले. सगळ्यांदेखत त्यांनी चिमूटभर तंबाखूसाठी हात पुढे केला, "मास्तर, एक चपटी आपो."

आबांनी तो गोरा, कोरा तळहात उलटसुलट पाहिला.

"आधी बुडवून या, सेठ. कोऱ्या हाताचा आम्हाला भरवसा नाही."

सेठ खो खो हसले, आणि बाह्या वर करत खरंच टबाकडे गेले.