पाठमोऱ्या कप्तानीणीची माफी

डबिंगच्या धंद्यात एक सोय असते, ती बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. पडद्यावरचं माणूस आपल्याकडे तोंड करून बोलत असलं, की त्याच्या ओठांशी शब्द जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. पण त्याने पाठ फिरवली, की मोकळं रान. ओठच दिसत नाहीत, मग काहीही घाला. राहून गेलेली माहिती, विसरलेलं नाव, वाहिनीला हवा असलेला उपदेश, सगळं त्या पाठीवर लादता येतं. ताईंनी तीस वर्षांत ही सोय कितीदा वापरली असेल, याला गणती नाही. स्वतःसाठी मात्र त्यांनी ती एकदाच वापरली.

ताई म्हणजे अंतराळयानाच्या कप्तानीणीचा आवाज. मालिका परदेशी, सात वर्षं दर रविवारी संध्याकाळी लागणारी. ताई दिसायला किरकोळ, चष्मा नाकावर घसरलेला, गळ्याला बारा महिने मफलर. जिन्यात भेटल्या तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण काचेच्या खोलीत शिरून, हेडफोन लावून त्या "यान वळवा" म्हणाल्या, की बाहेर बसलेला रेकॉर्डिस्टसुद्धा नकळत ताठ बसायचा.

मालिकेत आधी कप्तान पुरुष होता. तो प्यायचा, खोटं बोलायचा, एकदा तर रागाच्या भरात त्याने अर्धं यान जाळलं. त्याला आवाज देणाऱ्या गृहस्थांना स्टुडिओत सगळे नगारा म्हणत. प्रेक्षकांनी त्या कप्तानाचे सगळे अपराध पोटात घातले. "बिचाऱ्याने किती सोसलंय," अशी पत्रं नगाऱ्याला यायची आणि तो ती सगळ्यांना वाचून दाखवायचा. मग कप्तान मेला आणि त्याच्या जागी बाई आली. ती प्यायली नाही, तिने काही जाळलं नाही. तिने फक्त सहा वर्षांच्या मुलीला पृथ्वीवर ठेवलं आणि कामावर गेली. तेवढ्यावरून लोकांनी तिला असं धारेवर धरलं की विचारू नका. भाजीच्या दुकानात एक बाई ताईंना म्हणाली, "त्या कैदाशिणीला आवाज तुम्हीच देता ना?" जसं काही यान ताईच चालवत होत्या.

असल्या बोलण्याला ताई भीक घालत नसत. कप्तानीण त्यांना मनापासून आवडायची. चुकली तरी ती कुणापुढे नाक घासत नव्हती, हे त्यांना फार भावायचं. कारण त्यांच्या स्वतःच्या मनात एक सल होता. मुलगी आठ वर्षांची असताना तापाने फणफणून दवाखान्यात होती आणि त्या दिवशी ताई तिच्या उशाशी नव्हत्या. रेकॉर्डिंगला गेल्या होत्या. एका भागातला आवाज अर्ध्यावर बदलता येत नाही, आणि घर त्यांच्या आवाजावरच चाललं होतं. नवरा कुठे होता म्हणाल, तर तो दोन वर्षं दुसऱ्याच गावी, कसलंसं दुकान काढतो म्हणून गेलेला. दुकान निघालं नाहीच. तो हात हलवत परत आला, तेव्हा मुलगी धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली. दोन वर्षं माफ झाली आणि ताईंचा एक दिवस तसाच राहिला.

निदान ताईंना तसं वाटायचं. मुलगी कधी काही बोलली नाही. मोठी होत गेली तशी कमी बोलत गेली, एवढंच. लग्नानंतर आठवड्याला एक फोन, त्यात हवापाणी आणि नातीचा खोकला. ताईंनी त्या गप्पपणाचा अर्थ परस्पर लावून टाकला होता. शंभरदा ठरवलं, एकदा सरळ म्हणावं, "बाळा, चुकलं माझं." पण दुसऱ्यांची वाक्यं धडाधड म्हणणाऱ्या बाईला स्वतःचं एवढं एक वाक्य जमेना.

शेवटच्या वर्षी तो प्रसंग आला. कप्तानीणीची मुलगी आता मोठी झालेली, ती यानाच्या पडद्यावर येऊन आईला विचारते, "तू का गेलीस?" कप्तानीण तिच्याकडे बघते, पाठ फिरवते आणि चाळीस सेकंद खिडकीशी उभी राहते. बोलत काहीच नाही. मूळ मालिकेत एवढंच होतं.

वाहिनीचे साहेब स्टुडिओत आले होते. म्हणाले, "ताई, ही गप्प राहिली तर लोक चॅनेल बदलतील. चाळीस सेकंद पाठ आहे. चार वाक्यं घाला, माफी मागू दे तिला. शेवटी आई आहे ती."

कोपऱ्यात चहा पीत बसलेला नगारा म्हणाला, "माझ्या कप्तानाने कधी माफी मागितली नाही हो साहेब. त्याने तर यान जाळलं होतं."

"त्याचं वेगळं होतं," साहेब म्हणाले.

आता ताई साहेबांची हजेरी घेणार, म्हणून रेकॉर्डिस्ट सावरून बसला. पण ताईंनी हळूच विचारलं, "शब्द कुणाचे?"

"तुम्हीच बघा ना. तुम्हाला काय शिकवायचं?"

ताई आत गेल्या. मुलीच्या घरी ही मालिका सगळे मिळून बघतात, हे त्यांना माहीत होतं. खिडकीशी उभी असलेली पाठ पडद्यावर आली आणि त्या बोलल्या, "बाळा, मी जायला नको होतं. तू तापाने तळमळत होतीस आणि मी कामावर निघून गेले. तुझ्यापेक्षा काहीच मोठं नव्हतं. मला माफ कर." मालिकेत ताप कुठेच नव्हता. रेकॉर्डिस्टच्या ते लक्षात आलं, पण ताईंचा चेहरा बघून त्याने ते तसंच ठेवलं.

रविवारी ताई फोन मांडीवर घेऊन बसल्या. तो वाजला सोमवारी रात्री.

"आई, काल बघितलं आम्ही," मुलगी म्हणाली. "ते तापाचं तू घातलंस ना?"

"हो. तुला कळावं म्हणून. इतकी वर्षं राग आहे ना तुझा."

"राग? आठ वर्षांची होते गं मी. धरला असेल चार दिवस."

"मग बोलत का नाहीस माझ्याशी?"

"वेळ कुठे असतो मला? ऑफिस, घर, छोटी. तुझंच आयुष्य जगतेय मी." मग ती म्हणाली, "तुला सांगायचं होतं. धरणाच्या कामावर मला प्रमुख इंजिनीअर म्हणून पाठवत होते. सहा महिने. छोटी तिच्या बाबाजवळ राहणार होती. सासूबाई रोज म्हणायच्या, कसली आई तू. मी म्हणायचे, त्या कप्तानीणीकडे बघा, आणि तो माझ्या आईचा आवाज आहे."

ताईंनी विचारलं, "मग?"

"काल तू माफी मागितलीस. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. तुझा जावई म्हणाला, तुझी आईच सांगतेय की आता. सकाळी ऑफिसला नाही म्हणून कळवलं."

"अगं, पण ते खरं नाहीये. मुळात ती गप्प असते. मी येऊन सांगते त्यांना."

"काय सांगशील? तुला पश्चात्ताप झालाच नाही म्हणून?"

ताईंना पश्चात्ताप तर झाला होता. तेवीस वर्षं, रोज झाला होता.

"ठेवते आता," मुलगी म्हणाली. "छोटी उठली."

दुसऱ्या दिवशी ताई स्टुडिओत गेल्या आणि पुन्हा दाखवायच्या प्रतीतून ती वाक्यं काढून टाका म्हणाल्या. बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांनाही कळत होतं. रेकॉर्डिस्टने ती काढली. आता तो भाग लागतो तेव्हा कप्तानीण चाळीस सेकंद गप्प उभी असते. धरणावर मुलीच्या ऑफिसातला दुसरा एक इंजिनीअर गेला. त्याला दोन लहान मुलं आहेत. ती कुणाजवळ राहणार, असं त्याला कुणी विचारलं नाही.