जिन्यावरचं पाऊल

उस्मानपुऱ्यातल्या वाचनालयात त्या बाई मला कायम भयकथांच्या कपाटापाशी दिसायच्या. फुलंब्रीहून एसटीनं यायच्या. पुस्तक काढलं की उभ्यानंच दोन पानं पुटपुटत वाचायच्या आणि न्यायच्या मात्र जुन्या, पिवळ्या पानांच्या कादंबऱ्याच.

मीही त्याच कपाटाचं गिऱ्हाईक. एकदा एक नवं पुस्तक पुढं केलं, तर म्हणाल्या, "नको भाऊ. ह्यात पहिल्याच पानावर रक्त. जुन्यांत आधी कुत्रं गप होतं, मग दिवा बारीक होतो, मग कुठं जिन्यावर पाऊल वाजतं. आमच्या मालकांना तेवढा वेळ लागतो."

मालकांना लकवा झाला होता. वाचा गेली, ओळखही गेली.

"हसवून पाह्यलं, अभंग म्हणून पाह्यले. कायबी नाय. पण ही पुस्तकं वाचून दाखवताना पाऊल वाजलं, की माझा हात गच्च धरतात. माणूस आत हाय, एवढं तरी कळतं."

इतकी वर्षं मी ती पुस्तकं अंगावर काटा यावा म्हणून वाचत आलो. खरा काटा आला तो त्या भरदुपारी.

परवा त्या पुस्तक परत करत होत्या. खुणेचं एसटीचं तिकीट मधल्याच पानात राहिलं होतं. मी विचारलं, "दुसरं देऊ का शोधून? याहून भयंकर?"

बाई उजव्या हाताची बोटं दुसऱ्या हातानं चोळत राहिल्या.

"नको. काल पाऊल वाजलं, दार उघडलं, भूत पार समोर आलं. मालकांचा हात तसाच पडून व्हता. मीच घाबरले, भाऊ."