फोटोतली मिशी

त्या काळी सोलापुरात पासपोर्ट पाहिलेला माणूस शोधून काढावा लागे. जर्मनीबरोबरची पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. इराकात, इंग्रजांच्या ताब्यातल्या बसऱ्याच्या बंदरावर हिंदुस्थानी कारकून घेत होते आणि मला तिकडून नोकरीचं पत्र आलं होतं. ते दाखवायचा अवकाश, गल्लीतला जो तो पासपोर्टातला जाणता झाला. एक म्हणाला, दंडावरच्या देवीच्या खुणा तपासतात. दुसरा म्हणाला, बायको नसली तर पासपोर्टच देत नाहीत. सगळ्यांनी अकलेचे तारे तोडून झाल्यावर कळलं की लागतो तो फोटो आणि कचेरीत खेटे घालायची चिकाटी. एक पोलीस येऊन शेजाऱ्यांना माझी चालचलणूक विचारून गेला, आणि अखेर मुंबईहून पासपोर्ट आला. आत माझा फोटो होता, डोक्यावर काळी टोपी, ओठावर जाड मिशी आणि कडेला सरकारी शिक्का. वडिलांनी चष्मा वर करून तो पाहिला आणि म्हणाले, "हा तर तुझ्या चौकशीला आलेला पोलीसच दिसतोय."

बोटीला थोडेच दिवस उरले असताना वडील तापानं अंथरुणाला खिळले आणि गेले.

मला रडू आलं नाही. थोरला भाऊ ओक्साबोक्शी रडला, आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली. मी लोक सांगतील ते करत होतो. लाकडं सांगितली, सतरंजी घातली, येणाऱ्यांसमोर मान खाली घालून बसलो. आत काही हलतच नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट होती आणि ती बोलायची सोय नव्हती. ती म्हणजे मिशी.

आमच्यात बाप असेपर्यंत मुलगा मिशी उतरवत नाही आणि बाप गेला की उतरवल्याशिवाय राहत नाही. एखादा कॉलेजातला पोरगा हौसेनं गुळगुळीत होऊन आला की म्हाताऱ्या तोंडावर विचारायच्या, "का रे, बाप मेला का तुझा?" भावानं अग्नी दिला, त्याची मिशी त्याच दिवशी गेली. माझी दहाव्याला जायची होती.

वडील शाळामास्तर. त्यांचा एक जुना विद्यार्थी कचेरीत कारकून होता आणि माझे कागद त्याच्याच टेबलावरून गेले होते. तो भेटायला आला तेव्हा मी त्याला ओट्यावर बाजूला घेतलं.

"फोटोत मिशी असली तर माणसाला मिशी पाहिजे की," तो म्हणाला. "तिकडं उतरताना साहेब बसलेला असतो. फोटो बघतो, तोंड बघतो. नाही जुळलं तर त्याच बोटीनं परत."

"आणि फोटो बदलून घेतला तर?"

"कागद परत मुंबईला. बोट काय थांबणार आहे तुझ्यासाठी?"

बोट चुकली की जागाही गेली, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. वडिलांमागं घरात मिळवता एकटा भाऊ उरला होता. मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काकांना विचार." काकांना विचारायचं म्हणजे भिंतीला विचारायचं. ते एवढंच म्हणाले, "बाप एकदाच जातो."

दहाव्या दिवशी सकाळी न्हावी मागच्या अंगणात येऊन बसला. त्याला दोन कामं होती. एक माझं, दुसरं आईचं. आईचे केस कमरेखाली जायचे. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, विचारायची रीतच नव्हती. घरातल्या बायकांनी तिला पाटावर आणून बसवलं.

"धाकले मालक, तुमी आदी बसा की हितं," न्हावी म्हणाला.

मी जागचा हललो नाही. काकांनी खाकरून दाखवलं. तेवढ्यात आई बोलली. वडील गेल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"भावजी, त्याची मिशी राहू द्या. त्याला लांब जायचंय. या घरातनं आज केस जायचेत ना, ते माझे घ्या. लई आहेत."

काकांनी न्हाव्याला हातानं थांबायची खूण केली. न्हावी वस्तरा धरून आमच्या तोंडांकडं बघत राहिला. तिनं परवानगी मिळवून दिली होती. मी नुसतं मागं सरकायचं होतं आणि नोकरी माझी होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं अंबाडा स्वतःच्या हातानं सोडला होता. मी जाऊन न्हाव्यासमोर बसलो आणि म्हणालो, "काढ."

त्यानं डोकं, मिशी सगळं उतरवलं. मग तो तिच्याकडं वळला. मी उठून बाहेर गेलो नाही, तिथंच बसून राहिलो. तेव्हाही मला काही वाटलं नाही. अंगणात पाणी सांडलं होतं आणि काकू कुणाला तरी पाटाखालचं पुसायला सांगत होती, एवढंच आठवतं.

निघताना आई दारापर्यंत आली नाही. ती आता विधवेच्या लाल आलवणात होती. तशा बाईनं प्रवासाला निघालेल्याच्या समोर यायचं नसतं.

बोटीवर मी रोज आरशात ओठ तपासत होतो. मिशी आली, पण फोटोतल्या पोलिसाची सर तिला येईना. बसऱ्याला टेबलामागच्या गोऱ्या साहेबानं पासपोर्ट उघडला, टोपी काढायला सांगितली, माझ्याकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं.

"हा तूच?"

"होय."

"मग मिशी का काढलीस?"

मी इंग्रजीत सांगितलं, माझे वडील वारले. हे वाक्य मी कुठल्याच भाषेत आजवर उच्चारलं नव्हतं. सोलापुरात सगळ्यांना ठाऊक होतं, सांगायची वेळच आली नव्हती. ते आता तोंडातून निघालं. मागं रांग होती, मी टेबलाची कड धरून लहान पोरासारखा रडलो. साहेब वाईट नव्हता. त्यानं शिक्का मारला, पासपोर्ट माझ्याकडं सरकवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "वाढेल पुन्हा."

मिशी पूर्वीसारखी झाली. घरी आईचेही केस वाढत होते आणि न्हावी दर पंधरवड्याला येत होता.