मोळी बांधणाऱ्याचं नाव

रविवारी दुपारी मी अन् माझी बायको कौसा, पुण्यात पोराच्या सोसायटीच्या हॉलात फुटबॉल बघत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेली ती शेवटचीच साधी गोष्ट.

आमचं गाव चकलांबा सोडून दोन वर्षं झालती. निघताना तिनं कुलूप दोनदा ओढून बघितलं. म्हणाली, "आता ऊसतोडीच्या कोयत्यावर जाणं सुटलं बाई." शहरात ओळख न्हाई, गुडघे चालू देईनात. हॉलातला मोठा टीव्ही तेवढा आपला. त्यात तिला सेनेगालचा एक खेळाडू आवडला. सारखा पळायचा. चेंडू हिसकून आणायचा अन् दुसऱ्याच्या पायात द्यायचा. गोल झाला की सगळे त्या दुसऱ्याच्या गळ्यात पडायचे. हा गपचूप आपल्या जागेवर. हॉलातल्या पोरांच्या अंगात शर्ट त्याच्याच संघातल्या दुसऱ्या दोघांच्या नावाचे, भिंतीवर चित्रं त्याच दोघांची.

त्या दिवशी तिनं पोरांना विचारलंच, "का रं, ह्याच्या नावाचा शर्ट कुणीच कावून घालीना?"

"आजी, गोल कोण मारतंय ते बघा की. ह्याला कोण ओळखतंय!"

"गोल मारला त्यानं. मोळी कुणी बांधून दिली?"

पोरं खिदळली. मीबी हसलो. आज लाज वाटते.

तुमी गावाकडनं भेटायला आलेली माणसं, तुमाला सांगायला नको, पण शहरात वाढलेल्या तुमच्या लेकरांना सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मी ऊस तोडायचो. ती मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायची. पोटुशी असतानाबी. टोळीचा मुकादम हाक मारायचा ती माझ्या नावानं. लई चपळ हात म्हणून उसाच्या फडात माझाच बोलबाला. अरे, मागं मोळी पडून ऱ्हात नव्हती म्हणून हात चपळ! पण 'बाबा, हिचंबी नाव घे' असं मी एकदाबी म्हणलो न्हाई.

सोमवारी पहाटे चहा ठेवायला उठली अन् ओट्यापाशीच कोसळली, गेली.

स्मशानातनं आलो तर लिफ्टपाशी कागद चिकटवलेला. पोराचं नाव, अन् पुढं 'यांच्या मातोश्रींचे दुःखद निधन'. मातोश्रींना नाव न्हाई? शिकलेली माणसं ना ही! पोराला विचारलं, "आईचं नाव कावून न्हाई रं?"

"अण्णा, इथं आईला नावानं कोण ओळखतं?"

हॉलातल्या पोरांचंच उत्तर. तळपायाची आग मस्तकात गेली. पण ह्याला हे शिकवलं कुणी? मुकादमानं न्हाई. मी.

तुमी विचारता, अण्णा, घराची आठवण येते का? कुलूप लावलं ते घर न्हाई, अन् लिफ्टचं तर न्हाईच न्हाई. माणसाला नावानं हाक मारतात ते घर. मग ते मी तिला कुठं दिलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा उठायच्या आत पेन घेऊन खाली गेलो. चौथीपर्यंतचं माझं अक्षर. त्याच कागदावर, पोराच्या नावाच्या वर, मोठ्ठं लिहिलं, कौसाबाई. पन्नास वर्षांच्या संसारात तिचं नाव मी पहिल्यांदा लिहिलं.