पिशवी काढायच्या आधी

नसीमआपाचं नाव सगळ्यात आधी लिहिते. दुखणं माझं होतं, पण त्यातून मला बाहेर काढलं ते तिनं. वाळूजजवळच्या रांजणगावात आमच्या दोघींच्या खोल्या एका भिंतीला लागून आहेत आणि वाळूजच्याच एका कंपनीत आम्ही पॅकिंगला आहोत. माझं गाव किनवटकडं, जायचं म्हटलं तर दिवस मोडतो. शाळा सहावीतच सुटली. लिहिण्यात कुठं चुकलं तर सांभाळून घ्या.

"एंडोमेट्रियल हायपरप्लेझिया," डॉक्टर मॅडम रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. पुढं कॅन्सर म्हणतात का, एवढंच मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

आपा माझ्या मागं उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, कॅन्सर हाय का नाय तेवढं आधी सांगा. बाकीचं इंग्लिश मग बोला."

मॅडम हसल्या. "नाही. कॅन्सर नाही."

मी तिथंच खाली बसले. खुर्ची होती, पण खालीच बसले.

आता पहिल्यापासून सांगते. माझं वय सत्तेचाळीस. वर्षभरापासून पाळीचा काही नेम राहिला नव्हता. दोन-दोन महिने यायची नाही, अन् आली की पंधरा-वीस दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या. लाइनवरच्या बाया म्हणायच्या, "जाता जाता समदं धुऊन नेती बघ. होतं असं." मलाही ते खरं वाटलं. दोन पॅड, त्यावर जुन्या सुती साडीची घडी, अशी मी शिफ्ट काढायची. चहाची सुट्टी होईपर्यंत जागेवरून हलता यायचं नाही. जिना चढले की कानात घूं आवाज यायचा.

गावाकडं मोठ्या जाऊबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पिशवी काढून टाक. आपल्याकडं निम्म्या बायांनी काढली. कटकटच मिटती." पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्या भागात दाढ काढावी तशी बाया पिशवी काढतात.

ह्यांनी मला एका खाजगी डॉक्टरकडं नेलं. त्यांनी एक सोनोग्राफी केली. म्हणाले, आतलं अस्तर जाड झालंय, पुढं कॅन्सर होईल, पुढच्या सोमवारी पिशवी काढू. माझी मावशी अंगावरून जाऊन जाऊनच गेली होती. ती डोळ्यांपुढं आली आणि मी लगेच हो म्हणाले.

घरी येऊन आपाला म्हटलं, सोमवारपासून माझ्या तुळशीला पाणी घाल. तिनं कारण विचारलं. सांगितल्यावर ती हातातलं पीठ तसंच ठेवून उठली.

"कायकू काढती? तुकडा काढून तपासला का?"

"नाय."

"मग त्यांना कसं कळलं?"

तेव्हा पहिल्यांदा तिनं स्वतःचं सांगितलं. बत्तिसाव्या वर्षी पांढरं जायचं म्हणून कुणीतरी तिला अशीच कॅन्सरची भीती घातली होती. पिशवी काढली, दोन्ही अंडाशयंही काढली. नंतर तपासलं तर काहीच नव्हतं. अंडाशयं गेल्यानं चाळिशीच्या आत तिची हाडं दुखायला लागली. "माझी कंबर बघती ना रोज? लागली तर काढ गं. मी कुठं नक्को बोलती? पण आधी इचार तरी."

सोमवारी ऑपरेशनला न जाता आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. दोघींनी सुट्टी टाकली. केसपेपरच्या रांगेत मी उभी राहिले, ओपीडीच्या रांगेत आपा. मला वाटलं पोटावरून सोनोग्राफी करतील, म्हणून तांब्याभर पाणी पिऊन बसले होते. आत गेल्यावर सोनोग्राफीची बाई म्हणाली, लघवी करून या, ही आतून करायची आहे. आपा इतकी हसली की रांगेतल्या बायाही हसायला लागल्या.

मॅडमनी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "हार्मोनच्या गोळ्या घेता का कधी?"

"नाय," मी म्हणाले.

"झूट बोलती, मॅडम," आपा म्हणाली. "महालक्ष्म्या, नवरात्र, पुतणीचं लग्न. दरवेळी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या खाती. हिला मागायला लाज वाटती, मीच मेडिकलातून आणून दिल्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगते, मी लपवलं नव्हतं. त्या गोळ्यांना मी औषधच समजत नव्हते. सणाला फुलं आणावीत, नारळ आणावा, तशीच गोळी आणायची.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या हार्मोनच्याच गोळ्या. थांबवल्या की रक्त जातंच. हे सांगितलं नसतं तर कुठलं रक्त गोळीचं अन् कुठलं आजाराचं, हे मला कसं कळलं असतं?" आणि आपाकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही आता दुकान बंद करा."

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सात. मग बायोप्सी केली. बायोप्सी म्हणजे बारीक नळी घालून अस्तराचा तुकडा घेतात. दोन-तीन मिनिटं कळ येते, बाळंतपणाच्या सुरुवातीला येते तशी. खोटं सांगत नाही, मी ओरडले. पण बाहेर आले ती चालत आले.

रिपोर्टला दहा दिवस लागले. ते दिवस फार वाईट गेले. खोक्यांवर चुकीची लेबलं लावली, आपानं सुपरवायझरला कळायच्या आत बदलली. घरात हे रोज माझ्या ताटात आधी वाढायचे.

मग तो रिपोर्ट आला, सुरुवातीला सांगितला तो. मॅडमनी समजावलं ते असं. पाळी जायच्या वयात दर महिन्याला अंडं तयार होत नाही. अस्तर वाढवणारं हार्मोन चालू राहतं, त्याला आवर घालणारं कमी पडतं. म्हणून अस्तर जाड होतं, त्याला हायपरप्लेझिया म्हणतात. माझ्या रिपोर्टवर पुढं 'विदाऊट एटिपिया' असं होतं, म्हणजे पेशी वाढल्यात पण बिघडल्या नाहीत. अशाला बहुतेक वेळा पिशवी काढावी लागत नाही. बिघडल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती, मग काढायलाच सांगितली असती.

त्यांनी आत एक लहानसं साधन बसवलं. तांबीसारखं दिसतं, पण त्यातून आवर घालणारं हार्मोन हळूहळू सुटतं. मी विचारलं, "म्हणजे पाळी ढकलायच्या गोळीतलंच का?"

"त्याच जातीचं. पण किती अन् किती दिवस, हे मेडिकलवाला ठरवत नसतो."

पहिले तीन महिने थोडं थोडं जात राहिलं, मी घाबरले. मॅडम म्हणाल्या, असं होतं, धीर धरा. लोहाची इंजेक्शनं घेतली. सहा महिन्यांनी पुन्हा बायोप्सी झाली. अस्तर साधं झालं होतं. आता जिना चढते, कान गप्प असतात. तपासणीला मात्र पुन्हा पुन्हा जायचं आहे, ते मी चुकवणार नाही.

बायांनो, या वयात जास्त जात असेल तर 'होतं असं' म्हणून बसू नका. अन् घाबरून लगेच टेबलावरही झोपू नका. तुकडा तपासला का, एवढं विचारा. खाल्लेल्या गोळ्या सांगा, लाज वाटली तरी सांगा.

आपाला एकदा म्हटलं, तुझे उपकार कसे फेडू? म्हणाली, "फेडू नक्को, चांगला चहा कर एकदा. तुझ्या चहात पत्तीच नसती."

पण मी ठरवलंय. तिची लेक रुखसार जालन्याला दिली आहे, तिला आता तिसरा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, आणि आपाला वाकता येत नाही. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणं, रुखसारची मालिश, शेक, डिंकाचे लाडू, सगळं मी करीन. चाळीस दिवस. कंपनीत बिनपगारी सुट्टी टाकीन, पण आपाला एकदाही खाली बसू देणार नाही.