लॉन्सवरचा चर

फकिरा देवरे ऊर्फ अण्णा यांनी उभा जन्म डोंगरांना आडव्या रेघा मारण्यात घालवला. उताराला आडवी रेघ मारायची, त्या रेघेवर चर खोदायचा, पाऊस आला की पाणी चरात थांबतं आणि माती जागच्या जागी राहते. मृद व जलसंधारणाचं शास्त्र एवढंच. बाकी सगळं कार्यालय.

अण्णा मूळचे कळवणकडचे. नोकरी लागली तशी नाशिक रोडच्या कॉलनीत बिऱ्हाड केलं. शास्त्र ते लवकर शिकले, कार्यालय त्याहून लवकर. दोघांचं भांडण लागलं की अण्णा कार्यालयाच्या बाजूने उभे राहत. तरुणपणी सुरगाण्याच्या अंगाला एका टेकडीवर त्यांनी लाकडी ए-फ्रेम लावून पातळी धरली होती आणि चुन्याची रेघ ओढली होती. ए-फ्रेम म्हणजे दोन पायांची घोडी, मधे ओळंबा टांगलेला. तो ओळंबा खोटं बोलत नाही. रेघ टेकडीच्या मर्जीने वळत, मुरडत, साप गेल्यासारखी गेली. साहेब पायथ्याशी जीपला टेकून उभे होते.

"देवरे, रेघ वाकडी दिसते."

"जमीनच तशी आहे, साहेब."

"फोटोत जमीन कोण बघतं?"

रेघ सरळ झाली. त्या पावसाळ्यात चर फुटले आणि टेकडीची माती खाली शेत असलेल्या सोमाच्या नागलीत उतरून बसली. सोमा एकदा कार्यालयात आला, बाकावर बसला, कोणी काही विचारलं नाही म्हणून चहा पिऊन निघून गेला. अण्णांना त्या प्रकरणातून एक गोष्ट पक्की कळली. समपातळी जमिनीची नसते, साहेब जिथे उभे असतील तिथली असते. पुढे साहेब बदलत गेले, टेकड्याही बदलत गेल्या. अण्णा टिकले.

मृद व जलसंधारण कर्मचाऱ्यांचा वार्षिक मेळावा नाशकात भरतो तो लग्नाच्या लॉन्सवर, दोन मुहूर्तांच्या मधल्या रिकाम्या दिवशी. कालच्या वधूवरांची थर्माकोलची अक्षरं खरवडून तिथे 'माती' आणि 'पाणी' चिकटवतात. जेवणात गुलाबजाम असतो. भाषणांत ओझोन असतो. राज्यातला दुष्काळ दुपारच्या जेवणाआधी संपवायचा असतो, कारण नंतर लोक थांबत नाहीत.

मेळाव्याची एक जुनी रीत आहे. स्टेजसमोरच्या हिरवळीत नमुन्याचा एक चर खोदतात आणि प्रमुख पाहुणे त्यात तांब्याच्या लोट्याने पाणी ओततात. पाणी चरात थांबतं. सगळे टाळ्या वाजवतात. ते थांबतं म्हणजे कोरडी माती ते पिऊन टाकते, पण टाळ्या वाजवणाऱ्यांना तेवढा तपशील लागत नाही. चर खोदायचं काम दरवर्षी अण्णांकडे. दुसरं काम म्हणजे सत्काराचं ताट धरून स्टेजच्या पायरीशी उभं राहायचं आणि एकेक शाल वर द्यायची. अण्णांच्या हातून किती शाली गेल्या याचा हिशेब नाही. अंगावर एकही आली नाही.

यावर घरात बोलणं निघे. अण्णांची बायको वत्सलाबाई मखमलाबादच्या, माळ्याची लेक, बापाचा फुलांचा मळा. अण्णांच्या नोकरीबद्दल त्यांना फारसं कुतूहल नव्हतं. मात्र त्यांचा भाऊ भारत अंबडच्या कारखान्यात फिटर होता आणि त्याला कंपनीने सुरक्षा सप्ताहात शाल दिली होती. ती शाल त्याने टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटात ठेवली होती, वर डांबराची गोळी.

"दाजी, तुमचं खातं लय थंड," भारत दर दिवाळीला म्हणे. "आमच्याकडं बोट शाबूत ठेवलं तरी शाल देत्यात. तुम्ही तर डोंगरच्या डोंगर शाबूत ठेवले म्हणता."

"चिडवू नको रे," वत्सलाबाई म्हणत आणि स्वतःच हसत.

यंदा अण्णा निवृत्त होणार होते. निवृत्तांचा सत्कार पाहुण्यांच्या हस्ते होतो. नव्या साहेब, स्नेहल मॅडम, स्वतः म्हणाल्या, "देवरे, तुमचं नाव मी सर्वांत शेवटी ठेवलंय. शेवटचा सत्कार लक्षात राहतो." अण्णांनी घरी येऊन हे वाक्य दोनदा सांगितलं. वत्सलाबाईंनी पैठणी काढली. भारतने रजा टाकली. सत्कार-साहित्य अण्णांच्याच ताब्यात असल्यामुळे त्यांनी गठ्ठ्यातली सर्वांत चांगली शाल, मोरपंखी काठाची, हेरून सगळ्यांत तळाशी ठेवली. शेवटी नाव, शेवटी शाल. आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांनी काहीतरी स्वतःसाठी नीट आखलं होतं.

आदल्या दिवशी ते चर खोदायला लॉन्सवर गेले. लॉन्सला रस्त्याकडून नदीकडे उतार. स्टेज खाली, नदीच्या बाजूला. मॅडमनी फाटकाजवळून मोबाइल धरून बघितलं आणि म्हणाल्या, "चर असा आडवा नको. इथून सरळ स्टेजकडे जाऊ दे. म्हणजे शॉटमध्ये चर, पाणी, पाहुणे, बॅनर, सगळं एका रेषेत."

अण्णांच्या पायांना उतार कळला. पायांना असल्या गोष्टी कळतात, बूट घातले तरी. पण लोटाभर पाण्याला कसला उतार? याआधीही त्यांनी चर कॅमेऱ्याच्या सोयीने फिरवला होता आणि लोट्याने कधी तक्रार केली नव्हती. अण्णांनी सरळ चर खोदला, अगदी स्टेजच्या पायरीपर्यंत. शेजारी ए-फ्रेम उभी केली आणि तिच्या ओळंब्याला झेंडूची माळ घातली. माळेच्या वजनाने ओळंबा हलेनासा झाला.

सकाळी फाटकातून टँकर आत आला.

"मॅडम, दरवर्षी लोटा असतो," अण्णा म्हणाले.

"लोट्याची रील कोण बघणार, देवरे? यंदा खरं प्रात्यक्षिक. पाहुण्यांच्या हस्ते व्हॉल्व्ह उघडायचा. वरून ड्रोन."

ही वेळ होती. अण्णांना एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, हा चर नाही, ही मोरी आहे. त्यांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात फाटकातून पैठणी आत आली आणि मागोमाग भारत, बुटाला पॉलिश, हातात मोबाइल. वत्सलाबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि त्यांनी दुरूनच, फक्त भुवईने, विचारलं, कोणती? अण्णांनी टेबलावरच्या गठ्ठ्याच्या तळाकडे बोट केलं आणि तोंड मिटलं.

भाषणं झाली. मुंबईहून आलेले पाहुणे म्हणाले, पाणी हे जीवन आहे. निवेदक म्हणाला, पाहुण्यांनी अगदी नवा विचार दिला. मग स्टेजवरचे सगळे टँकरपाशी गेले, सनई लागली आणि व्हॉल्व्ह उघडला.

पाणी चरात उतरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणी पुढे निघालं, टाळ्या वाढल्या. मग ते थांबेना. पाण्याला कार्यालयाची सवय नव्हती. साहेब कुठे उभे आहेत हे न बघता ते उताराला लागलं, पायरीवर आदळलं, दोन्हीकडे फुटलं आणि स्पीकरच्या वायरींकडे आणि पहिल्या रांगेकडे वळलं.

"बंद करा!" मॅडम ओरडल्या. पाहुण्यांनी व्हॉल्व्ह उलटा फिरवला. दांडा त्यांच्या हातात आला. टँकरवाला नाश्त्याला गेला होता.

मांडवात सगळ्या तालुक्यांचे जलसंधारण कर्मचारी बसले होते. पाणी अडवण्याचा इतका अनुभव एका जागी पुन्हा जमणं कठीण. त्यांनी पाय उचलून खुर्चीवर घेतले. पेठवाल्यांनी दिंडोरीवाल्यांकडे बघितलं, दिंडोरीवाल्यांनी बांधकामवाल्यांकडे. प्रत्येकाच्या मते वाहणारं पाणी दुसऱ्याच्या कार्यक्षेत्रात होतं. निवेदकाला काही सुचेना, म्हणून तो माइकवर "पाणी अडवा, पाणी जिरवा" अशी घोषणा देऊ लागला आणि मागच्या रांगांनी सवयीने ती उचलून धरली.

अण्णा ताटाजवळ उभे होते. विचार करायला वेळ मिळाला असता तर त्यांनी साहेबांकडे बघितलं असतं. वेळ नव्हता. त्यांनी टेबलावरचा शालींचा गठ्ठा कवेत घेतला, चपला फेकल्या आणि पाण्यात उतरले.

तळव्यांनी त्यांनी जमीन चाचपली. इथे खोल, इथे उंच. शालींची एकेक घडी करून ते दाबत गेले, वर हिरवळीची ढेकळं, वर चिखल. "अहो, लॉन! लॉन!" मॅनेजर बोंबलत होता. अण्णांना ऐकू येत नव्हतं. बांध जमिनीच्या मर्जीने वळत, मुरडत चालला होता, साप गेल्यासारखा. सगळ्या शाली संपल्या. एका जागी मात्र वीतभर खिंड उरली आणि सगळं पाणी तिथेच तोंड घालू लागलं.

अण्णांच्या हातात मोरपंखी काठ होता.

त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. वत्सलाबाई पैठणी गुडघ्यापर्यंत धरून उभ्या होत्या. भारतने मोबाइल खाली केला होता. अण्णांनी शालीची घडी घातली, खिंडीत कोंबली आणि वर पाय देऊन उभे राहिले.

पाणी थांबलं. मागे हटलं, पसरलं, स्वस्थ झालं. लग्नाच्या लॉन्सवर एक लहानसं तळं झालं आणि त्यात स्टेजवरची 'माती' उलटी दिसू लागली. अण्णांच्या साऱ्या नोकरीतला हा पहिला बांध, ज्यात पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत अडलं.

"हेच!" मॅडम म्हणाल्या. "हेच मला हवं होतं! ड्रोन, ड्रोन घ्या!"

पाहुण्यांना धीर आला. ते म्हणाले, मग जलपूजन करून टाकू. सत्काराच्या ताटातलं हळदकुंकू आलं. निवृत्तांसाठी आणलेला नारळ फुटला. पाहुणे, मॅडम आणि सगळे पदाधिकारी तळ्याकाठी ओळीने उभे राहिले. ढोपरापर्यंत चिखलाने माखलेले अण्णा बांधावर पाय रोवून होतेच.

"देवरे, जरा फ्रेमच्या बाहेर," मॅडम म्हणाल्या.

अण्णा बाहेर झाले. सत्कार झाले नाहीत, कारण शाली नव्हत्या. शाली कुठे गेल्या हे कोणी विचारलं नाही. गुलाबजाम मात्र झाले.

मांडव रिकामा झाल्यावर मॅनेजर फावडं घेऊन आला. संध्याकाळी हळद होती, त्याला जागा कोरडी हवी होती.

"हात लावू नका," अण्णा म्हणाले.

"अहो, पण..."

"पाणी मुरल्याशिवाय बांधाला हात लावायचा नाही."

अण्णांच्या तोंडून कोणाला 'नाही' गेलेलं भारतने कधी ऐकलं नव्हतं. तो गप्प बसणारा माणूस नव्हता. म्हणाला, "दाजी, सत्कार लय भारी झाला. फक्त शाल जमिनीला दिली."

वत्सलाबाईंनी भावाला कोपर मारलं. चिखलातून मोरपंखी काठाचं एक टोक बाहेर आलं होतं, त्यांनी वाकून ते बोटाने आत दाबलं. मग दोन खुर्च्या ओढल्या, एक नवऱ्यासाठी.

"किती वेळ लागेल हो मुरायला?"

"काय माहीत," अण्णा म्हणाले. "कधी थांबून बघितलं नाही."